सोलकढी मेटॅलिक

जगात अशी एकही वस्तू नाही जी मी उघडून पाहिलेली नाही. रेडिओ, मिक्सर, शिवणयंत्र, शेजाऱ्यांचा गिझर! एक साडूचा पेसमेकर तेवढा राहिला, तोही साडूने ऐन वेळी कच खाल्ली म्हणून. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला स्क्रू दिसला की हात शिवशिवतात. उघडलेल्या वस्तू पुढे बंद झाल्या का, असं काही मत्सरी लोक विचारतात. मी त्यांना उत्तर देत नाही.

तेव्हा गाडीच्या दाराला थोडासा रंग मारणं म्हणजे माझ्यासारख्याला काय हो! पापडाला तेलाचं बोट लावण्यासारखं काम!

गाडी आमच्या सौभाग्यवतींची. सुनीती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली तेव्हा तिने स्वतः पसंत करून घेतलेली. लहानशी, चांदीच्या रंगाची. गेल्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ती स्वतः चालवत नाही, पण रोज सकाळी पिवळ्या फडक्याने पुसते. माझा चष्मा तिने चाळीस वर्षांत एकदाही पुसलेला नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आमची कन्या स्पृहा हिंजवडीत चाळीस माणसांवर साहेब आहे. आम्हा दोघांना ती एक्केचाळिसावा आणि बेचाळिसावा समजते. मागच्या दिवाळीत फराळाची बशी बाजूला सारून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आता चौऱ्याहत्तरचे. गाडीवर एक जरी नवीन ओरखडा दिसला, तरी किल्ली माझ्याकडे. नो डिस्कशन."

"ओरखडा दुसऱ्याने पाडला तर?"

"नो डिस्कशन, बाबा!"

किल्ली जाणं म्हणजे काय, ते सत्तरी ओलांडल्याशिवाय कळत नाही. किल्ली गेली की 'बाबांना कुणीतरी सोडा', 'बाबांना कुणीतरी आणा' सुरू होतं. माणसाचं पार्सल होतं, पार्सल!

तर झालं असं. सुनीती बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीला गेलेली. रविवारी संध्याकाळी परत येणार, स्पृहा तिला स्वारगेटवरून आणणार. आणि बुधवारी सकाळी मी सोसायटीत गाडी मागे घेत होतो. आमचा वॉचमन माऊली मागे उभा राहून हात हलवत होता.

"येऊ द्या काका... येऊ द्या... आजून येऊ द्या... बिनधास येऊ द्या..."

खर्रर्र!

"लागली!" माऊली म्हणाला.

"अरे, मग थांब म्हणायचं ना!"

"आता त्येच म्हणनार हुतो."

उतरून पाहिलं. गेटच्या खांबाने मागच्या डाव्या दारावर विड्याच्या पानाएवढा ओरखडा काढला होता. मध्ये चुन्यासारखा पांढरा पत्रा.

"काय नाय काका, बारीक हाय," माऊलीने धीर दिला. "लांबून दिसत बी न्हाई."

आमच्या घरात लांबून बघायची पद्धत नाही.

येरवड्याच्या गॅरेजवाल्याने दाराकडे पाहून गाल खाजवला. "आठ दिवस."

"अहो, रविवारी बायको यायची आहे."

"मग वहिनींना आठ दिवसांनी बोलवा."

असल्या उद्धट माणसाला काम द्यायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं आणि घरी येऊन मोबाइलवर 'घरच्या घरी गाडी रंगवा' असा व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस घासतो काय, फवारतो काय, आणि दहा मिनिटांत दारात स्वतःचं तोंड बघून भांग पाडतो काय! त्याला दहा मिनिटं, मग मला चार दिवस म्हणजे ऐशच होती!

गुरुवारी नाना पेठेत रंगाच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर प्रज्ञेश नावाचा शांत चेहऱ्याचा तरुण मालक बसला होता.

"गाडीचा कलर कोड काय, काका?"

"कोड कशाला? चांदी."

"चांदीच्या सत्तेचाळीस शेड आहेत. दाराच्या आत स्टिकर असतं, त्यावर नंबर असतो."

मी मंद हसलो आणि पिशवीतून नमुना काढला. स्वयंपाकघरात अर्धा तास धुंडाळून, प्रत्येक भांडं खिडकीत धरून, गाडीशी तंतोतंत जुळणारं निवडलेलं स्टीलचं झाकण!

प्रज्ञेशने ते उलटसुलट करून पाहिलं. वास घेतला. "हे पोह्यांच्या डब्याचं आहे."

"रंग बघ, रंग! पोहे नको बघूस."

"काका, घरी जा, स्टिकरचा फोटो पाठवा. मी बरोबर रंग देतो."

"नजर आहे माझी. छत्तीस वर्षं रंगीत तारा जोडल्यात!"

"म्हणून आमचा फोन कायम दुसरीकडे लागायचा," असं पुटपुटत त्याने मला डब्याच्या झाकणाशी तंतोतंत जुळणारा रंग करून दिला. प्रामाणिक माणूस. दोष त्याचा नाही.

घरी येऊन पॉलिश पेपरने घासायला बसलो. घासण्यात एक नशा असते. कडा गुळगुळीत करायला जावं तर कड पुढे सरकते. विड्याच्या पानाचं केळीचं पान झालं, केळीच्या पानाची पंगत झाली, आणि मी भानावर आलो तेव्हा दारावर रंगच शिल्लक नव्हता! एका अर्थी बरं झालं. ओरखडा गेला!

आता फवारणी. तुमच्याकडेही माळ्यावर एक जुना व्हॅक्यूम क्लीनर असेल. तो विकायला आलेला टायवाला माणूस गादीतली धूळ दाखवून तुम्हाला लाजवून गेला असेल. त्या यंत्राबरोबर एक पिवळी बाटली मिळते, रंग फवारायची. पृथ्वीतलावर आजवर ती कुणी वापरलेली नाही. मी वापरायची ठरवली! नळी मागच्या बाजूला जोडली, म्हणजे हवा आत न जाता बाहेर येते. बाटलीत रंग भरला, थिनर घातलं, आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता खटका दाबला.

मित्रहो, त्या यंत्राची पिशवी तीस वर्षांत कुणी रिकामी केली नव्हती.

घूंऽऽऽ करून आधी एक राखाडी ढग निघाला. त्यामागून रंग आला. रंग दारावर बसला आणि ढग रंगावर बसला. त्यात गादीतला कापूस होता, स्पृहाच्या लहानपणीच्या टिकल्या होत्या, १९९६ सालचा चिवडा होता! दार तिळाच्या वडीसारखं दिसायला लागलं.

वर तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. आमचे सेक्रेटरी संभाजीराव बनियनवर प्रकट झाले.

"श्यामसुंदरराव, आत्ता किती वाजलेत?"

"दोन."

"पुण्यात दुपारी दोन वाजता काय करतात?"

"झोपतात."

"माहीत आहे म्हणायचं!" खिडकी बंद.

मी चार वाजेपर्यंत जिन्यात येरझाऱ्या घातल्या. बसवेना! खाली जाऊन दार बघायचो, वर येऊन घड्याळ बघायचो. दाराची प्रगती होत नव्हती, घड्याळाची जोरात चालली होती. चारच्या ठोक्याला तिळाची वडी घासून काढली, यंत्र झाडलं आणि पुन्हा फवारा मारला. या वेळी दार लख्ख झालं. इतकं लख्ख की बाकीची गाडी त्याच्यापुढे विधवेसारखी दिसायला लागली! नऊ वर्षं उन्हात उभी असलेली मवाळ चांदी एकीकडे आणि पोह्यांचा नवा कोरा डबा एकीकडे. लांबून नाही, खडकवासल्यावरून दिसलं असतं!

आता दोनच मार्ग होते. दार तरी काढून टाकायचं, नाहीतर सगळी गाडी दारासारखी करायची. दाराचा स्क्रू मी चाचपून पाहिला, नाही असं नाही. पण शेवटी संयम राखला आणि शनिवारी सकाळी सात वाजता अख्खी गाडी वरवर घासायला घेतली. माऊलीने काचांना आणि नंबरप्लेटींना वर्तमानपत्रं चिकटवली.

रंग अर्ध्या टपापर्यंत पुरला. प्रज्ञेशचा फोन उचलला जाईना. पंपाच्या खोलीत सोसायटीच्या गेटला मारून उरलेला लाल रंग होता. माऊली म्हणाला, "काका, तांबडा हाय तो."

"थेंबभर घातला की चांदीला खोली येते," मी म्हणालो. खोली हा शब्द मी व्हिडिओत ऐकला होता.

थेंब जरा मोठा पडला. साधारण अर्धा लिटर. उरलेल्या चांदीत तो मिसळला, मग सगळीकडे एकसारखं दिसावं म्हणून पुन्हा पहिल्यापासून फवारलं, आणि दुपारी साडेतीनला मी चार पावलं मागे सरून पाहिलं.

गाडी सोलकढीच्या रंगाची झाली होती.

तीही साधीसुधी नव्हे, नासलेल्या सोलकढीची! मध्ये चकाकी, कडेला गुठळ्या. माऊलीने वाकून वास घेतला. मग म्हणाला, "आवशीद हाय का काय यात?"

गुलमोहराचा पाला पडू नये म्हणून आम्ही चार काठ्या रोवून वर जुन्या चादरी बांधल्या. रात्रभरात वाळेल, उद्या सकाळी बघू, असा माझा विचार होता. नेमक्या त्याच वेळी पहिल्या मजल्यावरच्या तुळजाबाई भाजी घेऊन आल्या. पुण्यशील बाई. कुणाच्याही घरी फ्रिज जरी आला तरी त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.

"अगंबाई! मांडव? नवी गाडी घेतलीत की काय?"

आता तुम्हीच सांगा. 'नाही, जुनीच आहे, मी ठोकली आणि मीच रंगवली,' असं म्हटलं असतं तर ते पाच मिनिटांत सांगलीला कळलं असतं. सांगलीहून हिंजवडी, हिंजवडीहून किल्ली!

"हो," मी म्हणालो. "नवी."

"थांबा! हात नका लावू!" असं म्हणून त्या वर धावल्या. मला हायसं वाटलं. हात न लावण्याबद्दल आमचं एकमत होतं.

दोन मिनिटांत बाई ताम्हन घेऊन हजर! मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी ओल्या कुंकवात बोट बुडवून बॉनेटवर स्वस्तिक काढलं. बोट रंगात अर्धा सेंटीमीटर रुतलं. "मऊ आहे हो पत्रा," त्या कौतुकाने म्हणाल्या. मग मूठभर अक्षता! मग झेंडूच्या पाकळ्या! एकही दाणा खाली पडला नाही. जिथे पडला तिथे कायमचा रहिवासी झाला.

गलका ऐकून संभाजीराव उतरले. गाडीभोवती फेरी मारली. "मॉडेल जुनंच दिसतंय."

"आतून वेगळं आहे."

"हा कुठला रंग?"

"सोलकढी मेटॅलिक. अजून बाजारात यायचाय. निवडक ज्येष्ठांना चाचणीसाठी दिलाय."

"आणि तुमची जुनी गाडी?"

इथे मी 'सर्व्हिसिंगला' म्हणायला हवं होतं. पण एकदा जीभ सुटली की ती मलाही विचारत नाही.

"दिली," मी म्हणालो. "एका गरजू माणसाला. तशीच. फुकट."

संभाजीरावांचा चेहराच बदलला! तीस वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे आदराने पाहिलं नव्हतं. "श्यामसुंदरराव," ते गदगदून म्हणाले, "आम्ही आपल्याला ओळखलंच नाही."

अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसह मजकूर: 'आपल्या सोसायटीचे श्री. श्यामसुंदर यांनी स्वतःची गाडी गरजूस दान दिली! रविवारी सकाळी दहा वाजता गाडीजवळ हृद्य सत्कार. वेळेवर यावे. चहा नाही.'

त्या ग्रुपात सुनीतीही आहे, हे मी विसरलो होतो.

फोन वाजला. "अहो," पलीकडून आवाज आला, अगदी हळू. "माझी गाडी दान दिलीत?"

"अगं, तसं नाही..."

"मला न विचारता? कुणाला दिलीत?"

"बाबा, मी पण लाइनवर आहे," मध्येच स्पृहा. "आणि ती पिंक कार कोणाची आहे?"

खरं सांगावं तर किल्ली जाते, खोटं सांगावं तर बायको रडते. म्हणजे ती रडतच होती. शाळेत हजार पोरांना धाकात ठेवणारी बाई! "अहो, पहिल्यांदा एकटी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत चालवत नेली होती मी ती," म्हणाली, "अठ्ठावन्नाव्या वर्षी."

"आल्यावर सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. तो ठेवल्यावर मला न बसवे, न उभं राहवे. सांगून टाकावं म्हणून चार वेळा फोन उचलला, चार वेळा दिवाळीतली ती फराळाची बशी आठवली, चार वेळा खाली ठेवला. मध्येच खाली जाऊन अक्षता खरवडून बघितल्या. अक्षतेबरोबर रंग निघायचा, म्हणून परत बसवल्या.

रविवारी दहाच्या ठोक्याला अख्खी सोसायटी जमली. माझ्या अंगावर शाल, हातात नारळ. तुळजाबाईंनी चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती. संभाजीराव भाषण करत होते. "दान तर सगळेच करतात. पण चालू स्थितीतली गाडी? विम्यासकट?" टाळ्या! माझा घाम शालीत मुरत होता.

आणि गेटमध्ये रिक्षा थांबली.

सुनीती संध्याकाळची येणार होती. पहाटेची पहिली एसटी धरून आली होती. मागून स्पृहा उतरली. गर्दीने वाट दिली. सुनीती थेट गाडीपाशी आली. गुठळ्यांवर नजर, स्वस्तिकावर नजर, अक्षतांवर नजर. मग ती वाकली आणि नंबरप्लेटवरचं वर्तमानपत्र टर्रकन ओढलं.

सगळे वाकून बघायला लागले. नंबर जुनाच.

"ही माझीच गाडी आहे," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. यापेक्षा खरं मी त्या आठवड्यात काही बोललो नव्हतो.

"कुणाला दिली नाहीत?"

"नाही गं. जरा घासली गेली होती दाराला. तू यायच्या आत नीट करावी म्हटलं."

संभाजीरावांनी घसा खाकरला. "मग तो गरजू माणूस?"

"हाच," सुनीती माझ्याकडे बोट करून म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "असू दे हो. आहे ना जागेवर! मला वाटलं गेलीच." मग डोळे पुसून तिने पुन्हा एकदा गाडीकडे नीट पाहिलं आणि हसणं थांबवलं. "पण हे काय केलंत हो!"

संभाजीराव पुढे आले. "शाल द्या इकडे. सोसायटीची आहे." मी दिली. "नारळ राहू दे. त्याला तुमचा हात लागलाय."

सभा बरखास्त झाली. उरलो आम्ही तिघं. स्पृहाने तळहात पुढे केला.

"बाबा. किल्ली."

चौऱ्याहत्तर वर्षांत इतकी जड वस्तू मी उचलली नव्हती. दिली. नो डिस्कशन.

तिने किल्ली घेतली, दार उघडायला गेली. दार रंगाने चिकटलं होतं. हिसका दिला तेव्हा ते उघडलं आणि तिची पाची बोटं सोलकढीची झाली. काचांवरची वर्तमानपत्रं फाडून आत बसली. चारही लिंबं चिरडत गाडी गेटपर्यंत नेली. मी बघत होतो. गेटबाहेर एक दुचाकीवाला थांबला, वळून बघू लागला. दुसरा थांबला, त्याने फोटो काढला. तिसऱ्याने काच खाली करायची खूण करून विचारलं, "ताई, निवडणुकीची का?"

गाडी तशीच रिव्हर्समध्ये परत आली. या वेळी माऊली "येऊ द्या" म्हणाला नाही.

स्पृहा उतरली. डोळ्यांसमोर तिला सोमवार दिसत असणार: हिंजवडीचं पार्किंग, तिची चाळीस माणसं, आणि मध्ये अक्षता पडलेली ही गाडी. तिने किल्ली माझ्या हातात परत ठेवली. वरून माझी बोटंसुद्धा मिटून दिली.

"तुमच्याकडेच राहू दे, बाबा. तुम्हीच चालवा."

"आणि ओरखडा?"

"कुठला ओरखडा?" ती म्हणाली. खरंच, शोधूनही सापडला नसता!

तेव्हापासून किल्ली माझी. निर्विवाद! येरवड्याच्या गॅरेजवाल्याला मूळ रंग परत द्यायला सांगितलंय. तो आता आठ दिवस म्हणत नाही, "बघू" म्हणतो आणि मागच्या खोलीत जाऊन हसतो. सुनीती शेजारी बसते. दुचाकीवरच्या मुली तोंडाला डाकूसारखा स्कार्फ बांधतात म्हणून जन्मभर नाकं मुरडणारी ही बाई, आता स्पृहाचा स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधून, वर काळा गॉगल लावून बसते. ओळखीचं कुणी दिसलं की सीट मागे पाडते. सिग्नलला थांबलो की लोक हात जोडतात. मीही जोडतो.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, घरी बोलू नका. परवा लक्ष्मी रोडला वळताना उजवीकडून पुन्हा घासली. चांगली हातभर. उतरून पाहिलं तर सोलकढी उडाली होती आणि खाली ती जुनी मवाळ चांदी चकाकत होती.

अख्ख्या गाडीत आता तेवढीच जागा बघवते!